तिसऱ्या मजल्यावरचे ऋतू

९ जुलै

सूनबाईंना आजपासून झोपून राहायचं आहे. चौथा महिना लागलाय. गेल्या खेपेला पाचव्यात सगळं संपलं होतं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी या वेळी आधीच टाका घालून ठेवला. कुठे आणि कसा, ते विहीणबाईंनी मला अर्धवट सांगितलं आणि मीही अर्धवटच ऐकलं. मुद्दा एवढाच की बाळंतपणापर्यंत अंथरूण सोडायचं नाही. बाथरूमपर्यंत जायचं आणि परत यायचं. जिना नुसता बघायचासुद्धा नाही.

जिन्याची लाज मला जास्त वाटते. चाळीस वर्षं लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या आणि स्वतः राहतो तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत.

चिरंजीव बोटीवर आहेत, डिसेंबरअखेर येतील. विहीणबाईंचे गुडघे गेलेत, तीन मजले चढायचे म्हणजे त्यांना आठ दिवस आधी मनाची तयारी करावी लागते. सकाळी कामाच्या मावशी येतात, त्या तिचं न्हाणंधुणं बघतात. बाकी घरात मी आणि ती. स्वयंपाक मी करतो. तक्रार अजून कुणी केलेली नाही, पण मागून वाढूनही कुणी घेतलेलं नाही.

१४ जुलै

आज ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. रडत होती की नाही, कळलं नाही. अशा वेळी काय बोलायचं ते आमच्या हिला बरोबर कळायचं. मला नाही कळत. ही जाऊन आठ महिने झाले, पण घरात काही अडलं की अजून मान आधी स्वयंपाकघराकडे वळते.

चहा दिला. सूनबाई म्हणाल्या, बाहेर काय आहे? म्हटलं, पाऊस. कसा आहे? म्हटलं, पावसासारखा.

ती उठून बसायला निघाली, मी दटावलं. मग उशीवर डोकं टेकून म्हणाली, "बाबा, मला या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते. डिसेंबरपर्यंत हीच दिसणार. तुम्ही रोज जरा खाली जाऊन बघून या ना. आणि मला नीट सांगा."

म्हटलं, कशाला? दूध दारात येतं. भाजी मी गॅलरीतून टोपलीनं वर ओढतो. त्यासाठी चांगली कप्पी बसवलीय, बोटानं ओढली तरी चालते. औषधंही दुकानदार पाठवतो. खरं तर हिचं सगळं आटोपल्यापासून मी खाली उतरलोच नाही म्हटलं तरी चालेल. काही अडत नाही.

"तुमचं अडत नसेल," ती म्हणाली. "माझं अडतंय."

पोरीच्या नशिबी भिंत आलीय. ठरवलं. शेंडी तुटो की पारंबी, या मुलीचा एकही ऋतू चुकू द्यायचा नाही. जे बाहेर असेल ते आत आणायचं. विसरायला होतं, म्हणून इथे टिपून ठेवायचं.

१५ जुलै

छत्रीच्या काड्या गंजल्या होत्या, तेल घालावं लागलं. खाली उतरलो तर जिन्याच्या पायथ्याशी पहिल्या मजल्यावरचे मास्तर उभे. शाळेत चित्रकला शिकवायचे. म्हणाले, अरे वा, मीही निघालोच होतो. योगायोग. पूर्वी आमचं जाणं-येणं होतं. गेल्या काही महिन्यांत त्यांनी दोनदा बेल वाजवली होती, मी दार उघडलं नव्हतं. त्यांनी तो विषय काढला नाही. बरं झालं.

कालव्यापर्यंत जाऊन आलो. घरी आल्यावर उलटतपासणी. कालव्याचं पाणी कोणत्या रंगाचं? म्हटलं, चहासारखं. दूध घातलेल्या की बिनदुधाच्या? पत्र्यावर पाऊस कसा वाजतो, छत्रीवर कसा? बदामाच्या झाडाखाली उभं राहिलं तर पाऊस थांबल्यावरही पडत राहतो का?

शेवटचं मी बघितलंच नव्हतं. म्हणाली, उद्या बघा.

१६ जुलै

पडतो. बराच वेळ पडतो.

२ ऑगस्ट

भिंतीचा बंदोबस्त केला. वळणावर ड्रायव्हरला पुढचं दिसावं म्हणून फुगीर आरसा लावतात, तसला एक आणला आणि खिडकीच्या गजांबाहेर लोखंडी पट्टीवर बसवला. कोन जमायला दुपार गेली. मी खिडकीत, ती अंथरुणावर, "वर, अजून वर, आता डावीकडे," असं चाललेलं. शेवटी तिला गच्च्यांवरचं आभाळ आणि रस्त्याचा एक तुकडा दिसायला लागला.

मी म्हटलं, आता मी खाली नाही गेलो तरी चालेल. तिचा चेहरा पडला. म्हणाली, आरशात आभाळ दिसतं हो, पण त्याला वास नाही. ओल्या भिंतींना वास येतो का, ते कोण सांगणार?

पायजम्याला चिखल लागला तरी हरकत नाही, जायचं. मास्तर आजही जिन्यातच भेटले. या माणसाला घरात बसवत नाही वाटतं.

२० ऑगस्ट

लिहू की नको असं होतंय, पण लिहितो.

दुपारी ती चिरंजीवांशी फोनवर बोलत होती. मी पाणी घेऊन दाराशी आलो आणि ऐकू आलं. "हो, आता जरा बरं आहे. जेवण वाढलंय. झोप लागते. परवा तर चक्क गुणगुणणं चाललं होतं. चेहऱ्यावर थोडी तकाकी आलीय बघ."

मला भरून आलं. कसली तकाकी! पोरगी पांढरीफटक पडलीय, रात्री कूस बदलता येत नाही म्हणून कण्हते, एक पोळी खाऊन दुसरी तशीच ठेवते. नवऱ्याला काळजी नको म्हणून स्वतःबद्दल असं खोटं सांगते. मी पाणी ठेवलं आणि बाहेर आलो.

उद्यापासून कालव्याच्या पलीकडेही जाऊन येईन. तेवढंच तिला काहीतरी नवं.

११ सप्टेंबर

पाऊस दमलाय. कालव्यावर चतुर उडताहेत, इतके की हवेला टाके घातल्यासारखं दिसतं. हे वाक्य मास्तरांचं. मी ते सूनबाईंना माझं म्हणून सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, बाबा, टाक्यांचं नाव काढू नका.

पण डोक्यात दुसरंच घोळतंय. ऐनवेळी तिला खाली कसं न्यायचं? आज टेप घेऊन जिना मोजला. मला शंका होतीच. मधलं वळण इतकं अरुंद आहे की स्ट्रेचर आडवा वळणार नाही, उभा करावा लागेल. बाळंतपणाच्या बाईला उभ्या स्ट्रेचरवर? ते होणे नाही.

१८ सप्टेंबर

खुर्ची तयार. जेवणाच्या टेबलाची मजबूत खुर्ची घेतली, पाठीला आणि खाली पायांपाशी पाइपचे दांडे बसवले, छातीला नि मांडीला रुंद पट्टे. तळमजल्यावरच्या इस्त्रीवाल्याला आणि त्याच्या भावाला बोलावलं. दोघेही दणकट आहेत. रंगीत तालमीसाठी खुर्चीत मास्तरांना बसवलं.

मास्तर लग्नाच्या घोड्यावर बसल्यासारखे ताठ. पहिल्या वळणावर खुर्ची कलली, तेव्हा मास्तरांनी डोळे मिटून मृत्युपत्राविषयी काहीतरी पुटपुटायला सुरुवात केली. मी इस्त्रीवाल्याला सांगितलं की वजन चढवायचं असो की उतरवायचं, जोर नंतर, आधी तोल. खालचा माणूस पायरी मोजेल, वरचा बोलणार नाही. तिसऱ्या खेपेला पाण्याचा पेला घेऊन बसवलं असतं तरी सांडलं नसतं. विहीणबाई आलेल्या होत्या, त्या पहिल्यांदा माझ्याकडे कौतुकाने बघत म्हणाल्या, परत जाताना मलाही असंच सोडता का?

रात्री जेवताना लक्षात आलं, आज दिवसभर मी हसत होतो. मग बराच वेळ अपराध्यासारखं वाटलं. हिचा फोटो समोरच आहे.

९ ऑक्टोबर

उन्हाचा कहर. हवा हलत नाही. तिला अंगाखालची चादर चटके देते. खिडकीला ओला पडदा लावला, तो अर्ध्या तासात वाळतो, मी पुन्हा भिजवतो.

आज सांगण्यासारखं बाहेर काही नव्हतं, नुसतं ऊन. पण रिकाम्या हाताने यायचं नाही हा नियम. पुलाच्या कठड्यावर एक गोटा पडलेला होता, हाताला भाजेल इतका तापलेला. रुमालात गुंडाळून खिशात टाकला आणि शक्य तेवढ्या लगबगीने वर आलो. धापा टाकत तिच्या तळहातावर ठेवला. म्हटलं, हे बघ, बाहेरचं ऊन.

ती बराच वेळ तो हातात धरून होती. मग म्हणाली, "तुम्ही तीन मजले पळत आलात?"

पळत नाही म्हटलं, पण लवकर.

"जुलैत तुम्ही दुसऱ्या मजल्यावर बसायचात."

असेन बसत. तिला कसं कळलं? मावशींनी चुगली केली असणार.

२७ ऑक्टोबर

वाईट दिवस. दुपारी तिच्या पोटात दुखायला लागलं. मी लगेच फोन लावला. डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या. घाबरण्यासारखं नाही म्हणाल्या, पण आता डोळ्यात तेल घालून सांभाळा.

त्या गेल्यावर ती म्हणाली, "बाबा, याही वेळी गेलं तर?"

मला खोटं बोलता येत नाही. म्हटलं, "ते माझ्या हातात नाही. पण उद्या सकाळी कशी हवा आहे ते मी तुला सांगणार, हे माझ्या हातात आहे. परवाही सांगणार. आपण दिवसाच्या पलीकडचं बघायचं नाही."

तिने माझा हात धरला. लग्न होऊन सहा वर्षं झाली, पण तिने माझा हात धरायची ही पहिलीच वेळ. मग डोळे पुसत म्हणाली, हेच वाक्य तुम्ही स्वतःलाही रोज सांगायला हरकत नाही. मला काही दुखत नाहीये, मी कशाला सांगू? पण हो म्हटलं.

१२ नोव्हेंबर

थंडी आली. सकाळी कालव्यावर धुकं होतं, पूल अर्धाच बांधल्यासारखा दिसत होता. शेपटी हलवत चालणारा तो काळा-पांढरा पक्षी परत आलाय. मास्तर त्याला परीट म्हणतात. इतक्या लांबून इथे येतो आणि आल्या आल्या कामाला लागतो. चहाच्या टपरीवर चूल पेटली की लोक नकळत अर्धं पाऊल पुढे सरकतात.

हे सगळं मी न विचारता सांगत सुटलो. अर्धा तास बोलत होतो. मध्येच बघितलं तर सूनबाईंचे डोळे मिटलेले. मी थांबलो, तर डोळे न उघडता म्हणाली, ऐकतेय.

२० नोव्हेंबर

चिरंजीवांचा फोन. मी त्यांना म्हटलं, तुझ्या बायकोला झाडापानांची इतकी ओढ असेल असं वाटलं नव्हतं. रोज मला पिटाळते. त्याला नवल वाटलं. मग म्हणाला, "हिला? बाबा, हिला तर बाहेर पडायचं म्हटलं की डोकं दुखतं. फिरायला नेलं की गाडीत बसून पुस्तक वाचते. हिला कधीपासून झाडांची आवड लागली?"

म्हटलं, बाबा रे, बाईला दिवस गेले की तिच्या आवडी बदलतात. तुझ्या वेळी तुझी आई कोळशाकडे टक लावून बघायची.

तो हसला. मग मध्येच हसू थांबवून म्हणाला, तिला फोन द्या जरा. दोघं हळू आवाजात काय बोलली कोण जाणे.

४ डिसेंबर

आजच व्हायचं होतं. अजून महिना बाकी होता.

दुपारचं जेवण झालं आणि तिने हाक मारली. चादर भिजलेली होती. रुग्णवाहिकेला फोन केला. टोपलीत घंटा घालून ती खाली सोडली, कारण इस्त्रीवाल्याला तीच खूण सांगून ठेवलेली. तो आणि भाऊ धावत वर आले. तिला खुर्चीत बसवलं, पट्टे आवळले. मी खालच्या बाजूला पायऱ्या मोजत, मास्तर पुढे जाऊन जिन्यातल्या सायकली बाजूला करत. वळणावर खुर्ची अलगद फिरली. रुग्णवाहिकेची माणसं स्ट्रेचर घेऊन खालीच उभी राहिली आणि बघत राहिली.

दाराबाहेर पाऊल पडलं तेव्हा हिवाळ्याचं कोवळं ऊन होतं आणि बदामाची लाल पानं रस्त्यावर पडलेली. पाच महिन्यांनी पोरगी उघड्यावर आली होती. मी वाकून म्हटलं, "बघ, बघ जरा. हेच ते." कळा येत होत्या, ती घामाने निथळलेली, डोळे घट्ट मिटलेले. दात आवळून म्हणाली, "तुम्ही बघा, बाबा."

बिचारीत बघण्याचंही त्राण नव्हतं.

संध्याकाळी मुलगी झाली. इवलीशी. रडली, पण मांजराच्या पिल्लाइतकंच. काचेच्या पेटीत ठेवलंय. सूनबाई ठीक. विहीणबाई बाकावर बसून आहेत, मी लिहितोय. अजून काही सांगता येत नाही असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी उद्याचं बोलत नाही.

८ डिसेंबर

श्वास अजून धड नाही. नळी लावलीय. पेटीच्या बाजूला गोल भोक असतं, त्यातून हात घालायची परवानगी आज मिळाली. सिस्टर म्हणाल्या, कुरवाळू नका, नुसता हात ठेवा, आणि हळू बोला, आवाजाची सवय होऊ दे.

काय बोलायचं? बाळांशी बोलायचं खातं हिचं होतं. मग जे येतं तेच बोललो. सांगितलं, आज वारा उत्तरेचा आहे, कालव्यावर परीट आहेत, पेरू आलेत पण अजून कच्चे आहेत, तुला घाई नाही. असंही सांगितलं की तुला एक आजी होती, ती थंडीत गच्चीवर पाठीला ऊन घेत बसायची आणि मला हाका मारायची. हिच्याबद्दल मी मोठ्याने काही बोललो ते पहिल्यांदाच. ऐकायला फक्त ती मूठभर मुलगी होती. तिने माझं बोट धरलं. सिस्टर म्हणाल्या, सगळीच धरतात. धरेनात का, माझं या पोरीने धरलं.

१९ डिसेंबर

नळी काढली. चिरंजीव आठ दिवस आधी सुटी मिळवून आले. पेटीसमोर उभे राहिले आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. मी म्हटलं, पुरे, बाहेर थंडी छान पडलीय, जरा चालून येऊ. ते माझ्या तोंडाकडे बघतच राहिले.

६ जानेवारी

नात घरी आली. जीव भांड्यात पडला. तीन मजले मीच घेऊन चढलो, कुणाला हात लावू दिला नाही. दुसऱ्या मजल्यावर बसलोही नाही.

१० मार्च

दोन महिने लिहायला वेळ कुठला? चिरंजीव परत बोटीवर गेले. पोरीने बाळसं धरलंय. आवाज आता मांजराचा नाही, वाघाचा आहे.

आज एक मोठा बेत केला. सूनबाईंना आणि नातीला घेऊन पुलावर गेलो. केव्हापासून मनात होतं. इतके महिने ज्याच्यासाठी ती तळमळली, ते सगळं तिला स्वतःच्या डोळ्यांनी दाखवायचं. हा तो कठडा. इथे ते चतुर होते. बदामाला आता नवी पालवी आलीय, कोवळी, तांब्यासारखी, उन्हात आरपार दिसते. मी दाखवत सुटलो. ती बाकावर बसली, ओढणी डोक्यावर घेतली, दोनदा "छान आहे हो" म्हणाली आणि मग हळूच म्हणाली, "बाबा, ऊन फार आहे. घरी जायचं?"

मला जरा लागलं. मग वाटलं, रात्र रात्र जागते पोरगी, तिला कसला आलाय वसंत? मास्तर शेजारीच होते, ते खोकल्यासारखं काहीतरी करून कालव्याकडे बघायला लागले. हसत होते की काय?

१४ मार्च

तीन दिवस गेलो नाही. तिला आता गरज नाही, मग कशासाठी जायचं? असं म्हणत बसलो. पण चार वाजले की पाय शिवशिवतात. काल तर दोनदा चपला घातल्या आणि काढल्या.

आज नात झोपली. सूनबाईही तिच्याशेजारी आडव्या झाल्या होत्या. मी दाराशी जाऊन हळूच विचारलं, जाऊन येऊ का? काय बघून येऊ आज?

ती कुशीवर वळली. आता तिला हवं तसं वळता येतं. अर्धवट झोपेत म्हणाली, "काही नाही."

"म्हणजे जाऊ नको?"

"जा ना. रोज जा." तिने डोळे उघडले. "पण मला सांगायला नको, बाबा. नुसते जाऊन या."

पोरगी खरंच दमलीय. उद्या मावशींना सांगून तिला दुपारभर झोपू द्यायला हवं.

मी गेलो. मास्तर जिन्यात नव्हते, तेव्हा एकटाच. पुलावर बसलो, उठावंसं वाटेना. सांगायचं कुणाला नव्हतं, म्हणून काही ध्यानात ठेवलं नाही. दिवे लागल्यावर घरी आलो. त्यामुळे आज लिहायलाही फारसं काही नाही.

वारा छान होता.